बशीतल्या पेशी आणि आपली आई

दादा,

नमस्कार रिवाज म्हणून लिहिते, मनात नाही. मी बरी आहे, खोली उबदार आहे, काळजी नसावी. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

वहिनी म्हणाली, तू आईचे कर्करोगावरचे दवाखान्यातले उपचार थांबवून चिनी अळंबीचा काढा सुरू केलास. वर गावभर सांगतोस, "माझ्या बहिणीनंच शोधलंय!" तुझ्या जिभेला काही हाड?

होय, त्या अळंबीच्या अर्कानं आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मरतात. किलोभर अळंबी उकळून, आटवून नखाएवढा अर्क निघतो. तोच उंदरांना दिला, तर त्यांच्या गाठी जशाच्या तशा राहिल्या. बशीतल्या पेशी फिनेलनंही मरतात. आईला फिनेल पाजशील?

ती जेवते का रे? डोळे पिवळे दिसत नाहीत ना? तिची पाठ कोण चोळून देतं?

पत्र मिळताच तिला दवाखान्यात ने. आढेवेढे घेतलेस तर मी येईन आणि तो काढा तुलाच पाजीन.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. या पत्रात 'दादा' एकदाच लिहिलंय. पुन्हा लिहीन, ते आईला सलाईन लागल्याचं कळल्यावर.

आईची मुलगी