पुस्तकांच्या पार्सलातली कुरकुर

प्रिय भाऊजी,

परवा मंगळवारी सकाळी मी दूध तापवलं, पाणी भरलं, तुमच्या दादांच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली दिली (दुरुस्ती आता मुलगा करतो, पण हे काम अजून मीच करते, त्याला करू देत नाही) आणि तुम्ही पाठवलेलं पुस्तक उघडलं, तर एकशेबाराव्या पानावर मीठ. आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी होती, कळतं मला. तुमची तब्येत ठीक असेल, जाऊबाईंचा गुडघा वळत असेल, जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक मिळत असेल, असं धरून चालते. वडीलकीचा आशीर्वाद मात्र तूर्त राखून ठेवला आहे. का, ते पुढे येईलच.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चिरंजीवांचं बीपी मोजलं आणि म्हणाले, वडिलांवर गेलाय. मीठ कमी, चिप्स बंद. तुमच्या दादांनाही हेच कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी जपून ठेवला होता. कागद जपून माणूस राहत नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून या खेपेला कंबर कसली. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या पानाचं चित्र असलेली, ‘तळलेले नाही, भाजलेले’ अशी पाकिटं आणली. पण चित्रावर माझा विश्वास नाही. तुमच्या दादांचं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून मागची बारीक अक्षरं वाचली, तर मीठ जिथल्या तिथे. मग घरीच सुरू केलं. हरभरे भाजून लिंबू-मिरपूड लावली, तर म्हणे दाढेतलं सिमेंट निघेल. गाजराच्या कांड्या केल्या, तर सशासारखं तोंड करून दाखवलं. बीटचे काप ओव्हनमध्ये भाजले, ते चामड्यासारखे झाले. त्यातला एक उचलून, गिऱ्हाइकाच्या घड्याळाला पट्टा म्हणून बसवू का, असं विचारलं. दुसऱ्या खेपेला काप कागदासारखे पातळ केले, फडक्यात टिपले, मंद आचेवर तासभर ठेवले. छान कडक झाले. त्यावर चिरंजीव म्हणाले, चिप्सपेक्षा भारी. इथेच मला संशय आला. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही पदार्थाला जो ‘बरं आहे’च्या पुढे गेला नाही, त्याला एकाएकी बीट भारी कसं वाटलं?

मी कान लावले. हरभऱ्याचा आवाज एकटा असतो, टक्क. गाजराचा ओला. बीटचा बारीक, संपला तरी कळत नाही. चिप्सची आधी सळसळ, मग पसरट कुरकुर. या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, कारण मी वाचायला शिकले तीच त्या आवाजासमोर. तुमचे दादा पेपरचं पहिलं पान वाचायचे, मी समोर बसून शेवटच्या पानावरची अक्षरं जुळवायची, आणि मधे पेपरामागे त्यांचं पाकीट. (मला दिसत नाही, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.)

गेल्या आठवड्यात दुपारी दुकानाच्या खोलीतून नेमका तोच आवाज आला. मी मुद्देमालासकट पकडायला गेले. दाराला हात लावला आणि थांबले. तीच कुरकुर, पान उलटताना मधे तेवढंच थांबणं. भाऊजी, मला वाटलं, हे घरात आहेत. पाच मिनिटं तशीच उभी होते. मुलगा मीठ खात होता आणि आई ऐकत होती. याची मला अजून लाज वाटते.

माल येतो कुठून, हे कळेना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी ताकीद दिली होती, आणि चिरंजीव तर टेबल सोडत नाहीत. मग ते पानावरचं मीठ. त्याच दुपारी तुमचं पार्सल आलं. एरवी ते तोच उघडतो, आधी स्वतः चाळतो आणि पुस्तकं तेवढी मला आणून देतो. या वेळी मी उघडलं. चार पुस्तकं, आणि कोपरे दुमडू नयेत म्हणून मधे सहा फुगीर पाकिटं. दर पंधरा दिवसांनी पार्सल, तेव्हा मी भोळी जाऊबाईंना सांगत होते, भाऊजींना माझ्या वाचनाची केवढी कळकळ! पाण्याच्या पंपांच्या देखभालीचं पुस्तक आलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी सरळ दुकानात गेले. नुसती पाकिटं त्याच्या टेबलावर ठेवली. खाली मान घालून म्हणाला, “काका बाबांनाही असंच पाठवायचे.”

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही पाठवायचात, मी ऐकून गप्प बसायची. दोघांचीही मायाच. पण आता पुरे. पुस्तकं पाठवा, मधे रद्दीचे बोळे घाला.

तुमची,
वहिनी

ता. क. पाच पाकिटं परत पाठवते आहे. सहाव्याचं विचारू नका. मीही समोर पेपर धरला होता.

ता. क. दुसरं. पंपांचं पुस्तक पूर्ण वाचलं. दुसरा भाग असल्यास पाठवा.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं यासाठीच. दादांचं रक्त ते तुमचं रक्त. जाऊबाई लिहितात, तुमच्या गल्ल्याखालीही पाकीट सळसळतं. या आठवड्यात बीपी मोजून आकडा कळवा. आशीर्वाद तो आकडा वाचल्यावर. काप कसे भाजायचे, ते जाऊबाईंना वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

ता. क. शेवटचं. मंगळवारी हे असं झालं. बुधवारी दुपारी मी बीटचे काप दोन वाट्यांत घातले, दुकानाचं दार उघडलं, एक वाटी त्याच्यापुढे ठेवली, आणि पेपरचं शेवटचं पान घेऊन त्याच्या समोर बसले.