सुटली म्हणायचं राहिलंय

प्रिय आई,

शुक्रवारपासून मला झोप नाही. कारण ऐकशील तर तुलाही लागायची नाही, पण सांगते. ओजस रात्रीत सारखा उठतो आणि माझ्या नाकाखाली हात धरून बघतो. श्वास चाललाय का ते बघतो गं. मी झोपेचं सोंग घेऊन मुद्दाम मोठ्यानं श्वास घेते, म्हणजे त्याला लांबूनच ऐकू यावं आणि त्यानं उठू नये. तरी उठतोच. त्याला वाटतंय मी मरणार आहे. तू घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. खोकला आहे, थोडा ताप होता तो उतरला. पण सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे शिरलंय आणि काही केल्या निघत नाही.

हे कागद मी फोटो काढून शेजारच्या कुंदावहिनीच्या फोनवर पाठवतेय. ती शेतात असली तर घरातलं जे कोणी असेल ते तुला वाचून दाखवेल. फोन का नाही केला म्हणशील. ओजस माझा कुडता सोडत नाही. संडासच्या दाराशीसुद्धा उभा राहतो. आणि मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर तेवढं जर्मनमध्ये देतो. वाचता मात्र येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. आठवीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं, हात दुखायला लागला आत्ताच. ओजस समोर बसून लाकडी ठोकळ्यांचा पूल करतोय. एक ठोकळा लावला की एकदा माझ्याकडे बघतो.

आम्ही त्याच्या किंडरट्रेफमध्ये आहोत. तुला फोनवर सांगितलं होतं बघ, आमच्या गल्लीमागं चर्चचं जुनं घर आहे, तिथं शाळा सुटली की पोरं येतात. जेवतात, गृहपाठ करतात, मग सुतारकाम, चित्रं, गाणी. इथलीच माणसं मिळून चालवतात. आता शाळेला सुट्टी आहे म्हणून दिवसभर उघडं. ओजस माझ्याशिवाय थांबेना, म्हणून मलाही बसू दिलंय, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर. गुडघे हनुवटीला लागतात.

ही जागा नसती तर माझं पोर मुकंच राहिलं असतं. आम्ही बॉबलिंगेनला आलो तेव्हा हा शाळेत तोंड उघडायचा नाही. इथं आला तर टेबलाखाली जाऊन बसायचा. इथल्या मुख्य बाई आहेत उल्रिके. सगळी पोरं त्यांना नुसतं उल्रिके म्हणतात, माझी जीभ वळत नाही, मी उल्रिकेताई म्हणते, आता त्यांनाही वाटतं माझ्या भाषेत त्यांचं नाव तसंच आहे. तर ही पन्नाशीची बाई, गुडघ्यानं अधू, पण रोज त्याच्याबरोबर टेबलाखाली बसायची. काही विचारायची नाही. सफरचंद कापायची, एक फोड तिला, एक त्याला. असं करत करत एक दिवस हा बोलला. काय बोलला, तर साल काढ म्हणाला. मी तेव्हा घरी येऊन रडले होते, तुला सांगितलं नव्हतं.

इथं जेवण झाल्यावर सगळी गोल बसतात. एक कापडी कासव आहे, ते हातात येईल त्यानं सांगायचं, आज कशाचा राग आला, कशाची भीती वाटली. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आपल्याकडं पोराला राग आला तर कोण विचारतं, धपाटा मिळतो. पण इथली पोरं सांगतात गं, मोठ्या माणसासारखी. गेल्या आठवड्यात त्यांचा धडा होता गुपितांचा. चांगलं गुपित म्हणजे कुणाच्या वाढदिवसाची भेट लपवलेली. वाईट गुपित म्हणजे ज्यानं पोटात दुखतं. वाईट गुपित मोठ्या माणसाला सांगायचं, वचन दिलं असलं तरी सांगायचं.

आणि आई, ह्याचं पोट तर उन्हाळ्यापासून दुखतंय. मी बेंबीला हिंग लावला, ओवा चावायला दिला, डॉक्टरनं थेंब दिले. कशानं राहिलं नाही. त्या दिवशी कासव हातात आलं तेव्हा ह्यानं ते पुढच्याला देऊन टाकलं. मग सगळे उठल्यावर उल्रिकेताईला हाताला धरून टेबलाखाली घेऊन गेला आणि तिथं सांगितलं.

मला गुरुवारी बोलावलं. गुरुवारी वैभवी येते, स्टुटगार्टला पीएचडी करते, आपल्या सांगलीकडची, पोरांना गणितं शिकवायला येते. ती मधे बसून मला मराठीत सांगत होती आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. उन्हाळ्यात ही पोरं खालच्या तळ्यावर गेली होती, कागदाच्या होड्या सोडायला. तिथं बाकावर ओजसचे बाबा बसलेले. ऑफिसचा शर्ट, शेजारी डबा. हा पळत गेला. ते म्हणाले, आज सुट्टी आहे. पुढच्या खेपेला गेली तेव्हाही तिथंच. तेव्हा ह्यांनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, घरी बोलायचं नाही हं, आईची शपथ.

आता तूच सांग, आपल्याकडं शपथेला कोण मोजतं. उठता बसता घालतो आपण. पण गेल्या वर्षी गावी आलो तेव्हा कुंदावहिनीच्या आरवनं ह्याला गोट्या खेळताना सगळं शिकवून ठेवलंय. शपथ मोडली की जिची घेतली ती मरते. सुटली म्हटलं की काही होत नाही, पण ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणायचं, दुसऱ्यानं म्हटलेलं चालत नाही. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर आरवला बोलू नका, आम्हीही लहानपणी हेच शिकलो होतो.

ओजसनं पोटात ठेवलं, ठेवलं आणि शेवटी वाट काढली. शपथ मराठीत होती, म्हणून जर्मनमध्ये सांगितलं तर मोडत नाही असं त्यानं ठरवलं. वैभवीनं मला हे सांगितलं तेव्हा एवढं कौतुक वाटलं त्याचं. आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मला ताप भरला. त्यानं थर्मामीटर बघितला. तेव्हापासून हे चाललंय. त्याला वाटतं जर्मनही चालत नव्हतं.

तर ह्यांची नोकरी गेलीय आई. वसंतात गेली. कंपनीनं अख्खा विभागच बंद केला, त्यात ह्यांचा काही दोष नाही. पण बोलले नाहीत. रोज दाढी करायचे, मी डबा द्यायची, जिना उतरताना शेजारच्या म्हातारीला मॉर्गन, म्हणजे सकाळचा नमस्कार, म्हणायचे आणि जायचे. संध्याकाळी आले की मी विचारायची काम जास्त होतं का, तर हो म्हणायचे. वैभवी सांगत होती तेव्हा मला राग यायला पाहिजे होता. पण मनात पहिलं आलं ते हेच, की पाऊस आला की हे कुठं बसत असतील.

शनिवारी मी बोलले. भांडले नाही, देवाशपथ. बघ, परत शपथ. मी म्हटलं, नोकरीचं बघू पुढं, पण आधी पोराला समोर बसवा आणि सुटली म्हणा, पोर झुरतंय. आधी म्हणाले कसलं तळं, कसला बाक. मग म्हणाले तुम्ही मायलेकरं अडाणी ती अडाणीच, जर्मनीत येऊन शपथा कसल्या घेऊन बसता, मी असलं काही बोललोच नाही. मला समजतंय गं त्यांचं. सुटली म्हणायचं तर आधी घातली होती हे कबूल करायला पाहिजे, आणि ते कबूल केलं की बाक आला, बाक आला की सगळंच आलं. शिकलेल्या माणसाला ते जड जातं.

मग एकदम म्हणाले, प्रतापला कळलं का. दादाला कळायचं त्यांना सगळ्यात जास्त भ्या वाटतं. दादा आणि हे पुण्यात एका खोलीत राहिलेले, दादानंच माझ्यासाठी ह्यांना पसंत केलं, दादा इकडं एर्लांगेनला संशोधनाला आला म्हणून हेही मागून आले. लग्नात दादा सगळ्यांना ह्यांच्याबद्दल सांगत होता, आमचा देवा म्हणजे शब्दाचा पक्का. तर ह्यांनी माझा हात धरला, ओजस तिथंच उभा होता, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, घे शपथ प्रतापला कळवणार नाहीस. मी घेतली. हात काढून घेतला असता तर पोराला काय वाटलं असतं. आता ह्या घरात दोन शपथा झाल्या. एक माझ्या जिवाची पोराकडं, एक पोराच्या जिवाची माझ्याकडं.

उल्रिकेताईनं आपल्या परीनं सगळं केलं. ओजसला म्हणाली, शब्दांनी कुणी मरत नाही. खेळातल्या डॉक्टरच्या नळीनं माझं काळीज ऐकायला लावलं. त्यानं पुष्कळ वेळ ऐकलं आणि विचारलं, आणि उद्या? मग मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करून तिला तो नियम सांगितला, की ज्यानं घातली त्यानंच सोडवायची. मला वाटलं हसेल. हसली नाही. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली, मग बाबांनीच म्हणायचं, दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारी आम्हा दोघांना भेटायला बोलावलं. मी आले. ह्यांची खुर्ची रिकामी राहिली. ओजस दाराकडं बघत होता, मी ओजसकडं.

बाकी इकडं बरं आहे. थंडी पडायला लागली. ह्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची आहे, ते मी खोकत खोकत केलं. रविवारी ह्यांनी मला स्टेशनवर नेलं आणि मशीनमधून एर्लांगेनचं तिकीट कसं काढायचं ते शिकवलं. दोनदा माझ्याकडून करून घेतलं, एकटीला यायला पाहिजे म्हणाले. तेव्हा बघ, तुझी अडाणी लेक आता एवढं शिकली. दिवाळीला ह्यांच्याशी बोलणं झालं ना तुझं, किती हसून बोलत होते, तेच मनात ठेव. पायाला तेल लावत जा आणि बीपीची गोळी चुकवू नकोस. ओजसनं आत्ता पूल पुरा केला आणि मला हाक मारली, मामा म्हणतो इथल्या पोरांसारखं आईला. खोकला आला की तोंड दाबून खोकते, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

सगळ्यांना नमस्कार.

तुझीच, जीव लावून बसलेली,
स्वरूपा

जे कोणी हे वाचत असेल त्यानं इथं थांबा. आईला म्हणा पत्र संपलं. पुढचं तिला वाचून दाखवू नका, तिचं काळीज आधीच नाजूक आहे. काल रात्री ह्यांनी मला विचारलं की मी नसलो तर प्रताप तुम्हा दोघांना सांभाळेल ना. मी म्हटलं असं काय बोलता, तर म्हणाले सहज. आज सकाळी गेले ते डबा न घेता. फोनही टेबलावरच राहिला, घराची किल्लीही. विसरले असतील म्हणून मी ओजसला घेऊन खिडकीत उभी राहिले, पण ते मागं फिरले नाहीत. उल्रिकेताईला मी ‘बाबा’, ‘फोन’, ‘घरी’ एवढेच जर्मन शब्द जोडून सांगितलं, त्याच्या पलीकडचे शब्द मला येत नाहीत, आणि वैभवी गुरुवारीच येते, तिचा नंबर माझ्याकडं नाही. ओजसला समोर ठेवून मी कुणाला काही बोलू शकत नाही. दादाला मी कळवायचं नाही अशी शपथ आहे, तुम्हाला कसली शपथ नाही. आणि ह्यांना काही झालं तर माझ्या पोराला सुटली म्हणणारं कुणी राहत नाही. जन्मभर तो त्याच्या बाबाचा आणि माझा हिशोब पोटात घेऊन फिरेल. म्हणून पाया पडते, माझ्या भावाला, प्रतापला, आत्ता फोन करा. आधी सांगा की स्वरूपा आणि ओजस बरी आहेत, मग बाकीचं. सांगा, मिळेल त्या गाडीनं नीघ आणि निघायच्या आधी इथल्या पोलिसांना फोन कर, जर्मन त्याला येतं. घरी बघू नका म्हणावं, खालच्या तळ्यावर बघा, बाकावर. आईच्या फोनवर दोनचा आकडा दाबून धरला की दादाला लागतो. अंगणात जाऊन करा.