आवाज थांबला की क्रेन थांबते

मी, खाली सही करणारी, टॉवर क्रेनची ऑपरेटर, हे मृत्युपत्र राहत्या घरी, कुणाची भीड न धरता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या जुन्या मृत्युपत्रात मी धाकट्या दिरांना 'एक वीटसुद्धा नाही' असं लिहिलं होतं, ते रद्द समजावं.

कालचा प्रकार इथे नोंदवणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं वाचून लेकीला वाटेल, आईला भ्रम झाला.

याच क्रेनवर आधी माझा नवरा होता. तो गेल्यावर मी काम शिकून त्याच्या जागी चढले, ते भाऊजींना खपलं नाही. त्यांनी घरात माझ्याशी बोलणंच टाकलं. साइटवर मात्र सिग्नलमन तेच. मला वरून जे दिसत नाही, ते त्यांनी वायरलेसवर सांगायचं: "खाली, खाली, खाली," अखंड. आवाज थांबला की क्रेन थांबवायची, हा नियम. एका घरात राहून 'चहा झाला का' न विचारणारा माणूस दिवसभर माझ्या कानात!

हे वायरलेस यूएचएफचे, म्हणजे अल्ट्रा हाय फ्रीक्वेन्सीचे. लहरी जेमतेम हातभर लांबीच्या, त्यामुळे सळ्यांच्या जाळीतून, खिडक्यांच्या भोकांतून बरोबर वाट काढतात. पण चॅनल कुणाच्या बापाचं नसतं, आणि जितकं उंच बसावं तितकं लांबचं ऐकू येतं. रस्त्यापलीकडच्या नव्या साइटचा सिग्नलमन आमच्याच चॅनलवर यायला लागला. चॅनल बदला, असं मी मुकादमांना सांगितलं. "बघू," म्हणाले.

काल सळ्यांचा भारा मागच्या चौकात उतरत असताना फळीला अडला. भाऊजी गप्प झाले आणि क्रेन थांबली असं धरून फळी ओढायला खाली वाकले. पण माझ्या कानात "खाली, खाली" चालूच होतं. ते पलीकडच्याचं होतं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, आणि मला फरक कळला नाही! मग एकदम किंकाळी आली, "वहिनी! वहिनी, थांबा!" वायरलेसवर जवळचा आवाज लांबच्याला दाबतो, म्हणून ती पोहोचली.

भारा त्यांच्या पाठीपासून वीतभर वर थांबला. मी शिडी कशी उतरले ते आठवत नाही. भाऊजी वाळूच्या ढिगावर बसून नुसते माझ्याकडे बघत होते.

कलम एक. बँकेतली शिल्लक, दागिने आणि घराचा वरचा मजला लेकीला.

कलम दोन. घर माझ्या नावावर असलं तरी तळमजल्यावर भाऊजी राहतात. तो त्यांना.

कलम तीन. सेफ्टी बेल्ट आणि थर्मास माझ्यामागे क्रेनवर जो कुणी चढेल त्याला. थर्मासचं झाकण गळतं, बोटाने दाबून ओतावं.

कलम चार. मुकादमांना त्यांचं "बघू" साभार परत.

पुरवणी. एवढं लिहून झाल्यावर मी क्रेनच्या मेकॅनिकबरोबर भाऊजींनाही सहीसाठी वर बोलावलं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही. यांनी सही केली तर तळमजला गेला." मी शेजाऱ्यांना हाक मारायला उठले, तोवर भाऊजींनी पेन उचललं होतं.

"तळमजला खोडा."

"अहो भाऊजी, डोक्यावरचं छप्पर आहे ते!"

"असू दे. इतकी वर्षं तोंडाने बोललो नाही, वहिनी. निदान लिहून तरी देऊ द्या."

मी त्यांच्या हातून पेन घेतलं. सबब कलम दोन रद्द, तळमजलाही लेकीला. काकाला तिथून कुणी उठवायचं नाही. वकीलबाई म्हणतात, हे वाक्य कोर्टात टिकणार नाही. तरी लिहिलं आहे.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: अपघात टळल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

सही: क्रेन ऑपरेटर

साक्षीदार पहिला: क्रेन मेकॅनिक. सही समक्ष झाली.

साक्षीदार दुसरा: सिग्नलमन, यांचा धाकटा दीर. सही समक्ष झाली. वहिनी पूर्ण शुद्धीत आहेत. कालही होत्या.