खोडलेला शब्द

प्रिय दादा,

लहानपणी तुझे निबंध मी तपासायचे, तेव्हा तू चिडवायचास, "आल्या कॉन्व्हेंटवाल्या बाई, शब्द कापायला!"

ती खोड मंत्रालयातल्या नोकरीतही राहिली. देशभर रासायनिक खतं बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा माझ्याच टेबलावर आला होता. त्यातला ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द मला बोजड वाटला, म्हणून खोडला. साहेबांनी न वाचताच सही केली. त्या हंगामात तुझा भात पोटरीत येण्याआधीच, लोंब्या धरायच्या आत पिवळा पडला. शेत विकून तू गोदामावर पहारेकरी झालास. "एका झटक्यात बंद करायला कोणत्या गाढवानं सांगितलं?" असं तू विचारलंस, आणि मी चहा ढवळत राहिले.

हे पत्र पाठवायचा धीर नाही, म्हणून माझ्या मृत्युपत्रातच ठेवतेय. माझ्यामागे घर तुझ्या लेकीला द्यावं, पुस्तकं शाळेला. मसुदा मात्र तुझ्याच हातात द्यावा. खोडलेल्या शब्दाशेजारी माझी सही आहे.

तुझी,
धाकटी