मोडलेली ग्रामसभा

जांभळीची वाडी, पवन मावळ
१७ ऑगस्ट २०२४

चि. सविता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल. फोनवर तू ओरडतेस, मला निम्मं ऐकू येत नाही आणि वाडीला मात्र सगळं ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की, आपलं गायरान तंबूवाल्या कंपनीला भाड्यानं द्यायचा ठराव परवाच्या ग्रामसभेत यायचा होता. कंपनी कुठली, किती वर्षांसाठी, पाणवठ्याची वाट मोकळी राहणार का, कुणालाच धड माहीत नाही. पण सरपंच पडला आपलाच चुलतभाऊ. चारचौघांत बजरंगला जाब विचारून भावकीत वाकडेपणा कोण घेणार? म्हणून वाडीनं नेहमीची युक्ती केली. झेंडावंदन झालं, जिलबी खाल्ली आणि एकेक जण हळूच घरी. कोरमच भरला नाही, सभा तहकूब! कुणाचं मन मोडलं नाही आणि सभा मात्र मोडली. काय नागरिकशास्त्राच्या बाई, तुमच्या पुस्तकात आहे का हे?

तुझ्या वहिनीनं अळूवड्या दिल्यात. कोंडाजी दुधाच्या गाडीतून आणून देईल. जावईबापूंना नमस्कार सांग. दादाची आठवण ठेव, आणि सवड काढून ये.

तुझा दादा,
महिपती


लोणावळा
१९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

सविताचा सा. न. वि. वि. अळूवड्या पोचल्या. निम्म्या ह्यांनी उभ्या उभ्याच संपवल्या.

दादा, तुमची युक्ती तुमच्याच अंगाशी येणार आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. चार डोकी बसली तरी ठराव होतो आणि तो अख्ख्या गावाचा म्हणून वर जातो. तुम्ही रुसून घरी बसलात हे कागदाला कळत नाही रे. त्याच्या लेखी तुम्ही नव्हतातच.

तेव्हा या खेपेला जा. नकाशा मागा, करार मोठ्यानं वाचायला लावा. तो दाखवणं पंचायतीचं कामच आहे, उपकार नव्हेत. विचारणं म्हणजे भांडण नाही. बजरंग तुझ्या अंगाखांद्यावर वाढला असेल, पण त्या खुर्चीत तो गावाचा आहे. भीड ही भिकेची बहीण, असं आई उगाच नाही म्हणायची. लग्नानंतर माझं नाव इथल्या मतदारयादीत आलं, नाहीतर मीच येऊन पुढच्या रांगेत बसले असते. गायरान गेलं तर विठाबाईमावशी शेळ्या कुठं नेणार? तिला ना शेत, ना बांध. निदान तिच्यासाठी तरी जा.

कानाचं यंत्र लावत जा, ते कपाटासाठी घेतलेलं नाही. फार शिकवलं असेल तर रागाव, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
सविता


जांभळीची वाडी
२९ ऑगस्ट २०२४

चि. सविता हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मला वेळेत मिळालं होतं. मुद्दाम लिहितो, नाहीतर तू बिचाऱ्या कोंडाजीला बोल लावशील.

सभेच्या दिवशी टोपी घालून निघालोही होतो. वाटेत बजरंगनं मोटारसायकल थांबवली, पाया पडला आणि म्हणाला, भाऊ, तुमी कशाला तरास घेताय, आमी हाय न्हवं. परत फिरायला मला तेवढं पुरलं. घरी येऊन गोठा झाडत बसलो. तो सकाळीच झाडलेला होता.

ठराव झाला. काल कुंपणाचे खांब येऊन पडले, पाणवठ्याच्या वाटेवरसुद्धा. आता वाडीत जो तो म्हणतो, आमाला न इचारता केलं. मीही म्हणालो असतो, पण तुझं पत्र वाचलेल्या माणसाची जीभ रेटेना. बजरंगचा राग येतो, पण त्याहून जास्त माझा मलाच येतो. सविता, मी फार चुकलो.

पंचायतीचे सदस्य सोडले तर सभेला गावातलं एकच माणूस गेलं होतं, विठाबाई. आज तिच्याकडे जाऊन आलो. तिनं चहा टाकला, एका शब्दानं बोल लावला नाही. शेवटी मीच विचारलं, काय झालं तिथं. म्हणाली, इरोध कुनाचा हाय म्हून इचारलं, तवा म्या हात वर केला. मागं वळून बगितलं तर कुनीच न्हाई. लय येळ झाला, हात दुखाय लागला, पर खाली न्हाई घेतला. म्हनलं, तुमी समदी येतच आसाल.

लोभ असावा असं लिहायचा आज धीर होत नाही. तरी असू दे.

तुझा दादा,
महिपती