उजव्या कानाचं बूच

ता. २ मे
चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.
सोबतच्या डबीत तुझ्या कानांची बुचं आहेत. मागे आलास तेव्हा स्वयंपाकघरात बसवून कानांचं माप घेतलं आणि गुदगुल्या होतात म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस, त्याच मापाची. श्रवणयंत्रांचे साचे रोजच करते. धडधाकट कानांसाठी हे पहिलंच काम.
सकाळभर शिबिराच्या मैदानावर गवत कापायचं मशीन, दुपारी मुलांना घेऊन मोटरबोट. घरी आलं की कानात शिट्टी वाजते, असं तूच लिहिलंस. बाबांचंही यंत्रमागांवर असंच सुरू झालं होतं. आता यंत्र लावूनही त्यांना तुझ्या छकुलीची हाक पोचत नाही. तुझं तसं झालेलं मला बघवणार नाही रे.
लोभ आहेच. बुचं घातलीस तर वाढेल.
ताई

ता. ११ मे
ती. ताईस सा. न. वि. वि.
बुचं झकास! दोन्ही अशी चपखल बसतात की विचारू नकोस. पहिल्या दिवसापासून घालतोय. पोरं मला बूचकाका म्हणतात. शिट्टी तर पार पळाली. तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. बाबा मजेत आहेत.
तेव्हा आता ठरल्याप्रमाणे लोभ वाढवावा.
धाकटा

ता. १७ मे
चि. बूचकाकास,
आज टेबल आवरताना तुझं उजवं बूच सापडलं. पहिलं डावं नीट जमलं नाही म्हणून दुसरं केलं होतं, आणि घाईत डबीत ती दोन्ही डावीच गेली. डावं बूच उजव्या कानात अर्धंही शिरत नाही. आणि म्हणे दोन्ही चपखल बसतात! चूक माझी, थाप तुझी. आधी हसून पोट दुखलं, मग रडूच आलं. लबाडा, मला फसवशील, कानांना कसं फसवशील?
उजवं पाठवतेय. मागावर जाताना कानांत घालायला आई रोज हातात द्यायची तो कापूस कुठे ठेवायचे, ते बाबांना विचार.
लोभ तूर्त बंद.
ताई

ता. २९ मे
ती. ताईस, कान धरून सा. न. वि. वि.
पकडला गेलो. पोरं हसतील म्हणून डबी उघडलीच नव्हती, नुसती खिशात घेऊन फिरत होतो. बाबांना पाटीवर लिहून विचारलं. सदऱ्याच्या खिशात, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी निघालो तर दारात आडवे आले. शाळेत जाताना कान धुतलेत का ते बघायचे ना, तसेच दोन्ही कान पाहिले, माझ्या खिशातली डबी काढून हातावर ठेवली आणि बुचं घालेपर्यंत हलले नाहीत. तेव्हापासून रोज हेच. बूचकाका हीसुद्धा थापच होती, पण आता पोरं खरंच म्हणतात. डॉक्टरांनाही कान दाखवून आलो. शिट्टी अजून आहे, पण बारीक.
काल घरी आलो तर छकुली पलीकडच्या खोलीत बाहुलीशी कुजबुजत होती. मला ऐकू आलं, ताई, शब्द न् शब्द. बाबांना तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. काय म्हणतेय, त्यांनी विचारलं. ती बाहुलीला दटावत होती, आजोबा आले, कान दाखव. मी पाटीवर लिहून दिलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.
लोभ पुन्हा चालू करावा, ही विनंती.
धाकटा