देठ मोडू नको

माय, तू मले विसरली असशील. जिवंत होती तेव्हाच तुले चुलीवर दूध ठेवल्याची आठवण राहत नव्हती, आता तर जाऊन इतकी वर्षं झाली. मी तुझी थोरली. तुझ्या हातचा सगळ्यात जास्त मार खाल्लेली. मले लिहिता येत नाही हे तरी ध्यानात असेल, कारण शाळेच्या वेळेले बकऱ्यांमागं तूच पाठवत होती. म्हणून मी बोलून राहिली आहे आणि नात लिहून राहिली आहे. मधेमधे ती हसते, तिकडं लक्ष देऊ नको.

तू दिलेल्या कोयीचं परसातलं आंब्याचं झाड माझा पोरगा तोडायले निघाला आहे. परवा करवतवाला येणार. काहून, तर आंबे पिकता पिकता काळे पडतात. हिरवा असताना गुळगुळीत, अंगावर डाग नाही. भाताच्या तणसात पिकायले घालून पिवळा झाला, की काळे ठिपके, आणि मग देठापासून सडत खाली. लाखनीच्या बाजारात बाया हातात घेऊन परत ठेवून देतात. पोरगा म्हणतो, "झाडालेच रोग हाय, माय. ठेवून काय करू?"

तुझ्या वेळेलेही हेच झाड होतं, आणि आंबे असे सडत नव्हते. बाबा गेल्यावर तू माझ्याकडे राहायले आली, तेव्हा दर वैशाखात झाडाखाली खाट टाकून बसायची अन् वर चढलेल्या माणसाले शिव्या द्यायची. आंबा बोटभर देठासकट उतरला पाहिजे. मी एकदा टोपल्यात नीट मावावे म्हणून देठ मोडले, चीक पुसून आंबे लख्ख धुतले, तर तू शेजारणीसमोर म्हणाली, "अक्कल बी अशीच धुतली का वं?" मी विचारलं, देठानं काय होते? "होते ते होते. मोडू नको." बस, इतकंच. आता पोरगा काठीनं झोडपून आंबे पाडतो, देठ मोडून क्रेटात भरतो. मी ओरडली की विचारतो, "काहून?" मी काय सांगू? होते ते होते?

कारण शेवटी नातीनं सांगितलं. ती शेतकीच्या कॉलेजात शिकते. म्हणाली, "आजी, फळ लहान असतं तेव्हाच बुरशी सालीत शिरून बसते. पण कच्च्या सालीत अन् चिकात झाडानं बनवलेलं कडू औषध असते, ते तिले वाढू देत नाही. देठ मोडला की चीक वाहून जाते."

"अन् पिकल्यावर?"

"पिकता पिकता ते औषध आपोआप कमी होते. साखर वाढते, बुरशी जागी होते."

मले त्या झाडाचाच राग आला. मोहोरापासून पहारा द्यायचा, अन् आंबा खाण्याजोगा झाला की पहारेकरी घरी. ही कोणती रीत? नात म्हणते, "कडूच राहिला तर कोण खाईल, आजी? कोय दूर कोण नेईल?"

तेव्हा मले तू आठवली. जन्मभर तुझ्या तोंडात चीकच होता. लागला तिथं फोड. आणि त्या शेवटच्या उन्हाळ्यात तू एकाएकी गोड बोलू लागली. वरण खारट झालं तरी "चांगलं झालं, बाई". मी येड्यासारखी साऱ्या गल्लीत सांगत सुटली, की माय निवली. पावसाळ्याआधी तू गेली. गोडाचं कारण माहीत असतं तर मी ओळखलं नसतं का? पण तू कधी कारणं सांगशील तर ना.

काल नातीनं बापाले हे सारं समजावलं. तो म्हणाला, "देठापायी झाड ठेवू का?" एक साल देठासकट उतरवून पाहा, एवढंच मले भांडून घ्यायचं होतं. चांगली सुनावायले उठली, अन् तोंडातून निघालं, "पाहा बाप्पा, तुले पटन तसं." नातीनं चमकून माझ्याकडं पाहिलं. आणि खरं सांगते माय, तुझ्यावरचा रागही आता पहिल्यासारखा उरला नाही. त्याचीच मले भीती वाटून राहिली आहे.

पत्र कुठं टाकायचं, नात विचारते. कुठंच नाही, राहू दे घरातच. पण तिकडून काही पाठवणं जमत असेल तर परवा करवतवाला यायच्या आत कारल्याची भाजी पाठव. गूळ घालू नको. मीठ लावून कडू पाणी पिळू नको.